खालच्या कप्प्यातली शांतता

दोन अनोळखी उंदीर समोरासमोर आले की पहिला नाकाला नाक लावतो. दुसरा थांबतो किंवा वळतो. वळला तर पहिला त्याच्या शेपटीच्या मुळाशी हुंगतो. तिथून पुढे तीनच शक्यता: दोघे वेगळे होतात, एक दुसऱ्याच्या मागे लागतो, किंवा झटापट होते. सगळं चार-पाच सेकंदांत आटोपतं. गेली नऊ वर्षं माझं घर या चार-पाच सेकंदांवर चालतं.

त्याआधी सतरा वर्षं मी नगरला एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो. ते बंद पडलं. संगमनेर तालुक्यातल्या एका फार्मसी कॉलेजला ‘व्हिडिओ पाहून नोंदी करणारा’ हवा होता. मुलाखतीला आम्ही सहाजण होतो. विभागप्रमुख सरांनी मिनिटभराचा एक व्हिडिओ दाखवला आणि जे दिसलं ते लिहायला सांगितलं. बाकीच्यांनी लिहिलं की एक उंदीर चिडला आणि दुसरा घाबरला. माझ्या कागदावर चार वाक्यं होती. ‘डावा उंदीर उजव्याकडे गेला. हुंगला. उजवा मागे सरला. डावा थांबला.’

“उजवा घाबरला असं का नाही लिहिलं?” सरांनी विचारलं.

“त्याने तसं सांगितलं नाही.”

सर हसले आणि म्हणाले, सोमवारपासून या.

काम सांगायला सोपं आहे. काही औषधं माणसाच्या मनावर, वागण्यावर परिणाम करतात. ती माणसापर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी उंदरांत पाहिली जातात. औषधाने उंदीर एकलकोंडा होतो का, भांडखोर होतो का, शेजाऱ्याला चिकटून झोपतो का? पूर्वी हे माणूस घड्याळ लावून मोजायचा. अर्ध्या तासात त्याचे डोळे पाण्याने भरायचे. आता प्रत्येक पिंजऱ्यासमोर एक छोटा कॅमेरा असतो. कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम प्रत्येक उंदराच्या नाकावर, दोन्ही कानांवर आणि शेपटीच्या मुळाशी एकेक ठिपका ठेवतो, आणि त्या ठिपक्यांच्या अंतरावरून ठरवतो की हे हुंगणं, हा पाठलाग, ही झटापट.

पण प्रोग्रामला हे आधी कोणीतरी शिकवावं लागतं. हजारो तुकडे दाखवून सांगावं लागतं, की बाबा, याला झटापट म्हणतात. ते सांगणारा मी. मी चुकलो तर तो तीच चूक न थकता, न विसरता करत राहतो. एवढा आज्ञाधारक वार्ताहर मला वर्तमानपत्रात कधी मिळाला नाही.

उंदीर अंधारात हालचाल करतात, म्हणून त्यांचं घड्याळ आम्ही उलटं केलं आहे. आमचा दिवस ती त्यांची रात्र. खोलीत दिवसभर लाल दिवा असतो. तो त्यांना जवळजवळ दिसत नाही. त्या लाल उजेडात काम करणारे आम्ही तिघं: मी, पीएच.डी. करणारी प्राजक्ता आणि पिंजऱ्यांची देखभाल करणारे किसनमामा. प्राजक्ता बेलापूरची. बोलणं तोडून टाकल्यासारखं आणि हसणं मोठ्याने. मामा जवळच्या गावचे शेतकरी. दूध संघाच्या गाडीवर कॅन चढवून चढवून त्यांचा उजवा खांदा गेला, तेव्हा इथे कंत्राटावर लागले. ते मला ‘पेपरवाले’ म्हणतात. जुनी रद्दी आणून उंदरांना अंथरायला देऊ का, असं मी एकदा विचारलं होतं. छापील कागद चालत नाही, शाई असते, असं कळलं. उंदरांना टिश्यू पेपर लागतो. माझ्या आधीच्या सतरा वर्षांचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता.

प्रोग्रामची पहिली मोठी फजिती नावांवरून झाली. पिंजऱ्यात तीन पांढरे नर. तिघे एका ढिगात झोपले आणि उठले की प्रोग्राम त्यांची नावं अदलाबदल करायचा. सकाळचा गुंड दुपारी गरीब. उंदरांना खूण करायची ठरली.

“पोळ्याला बैलाच्या शिंगाला लावतो त्यो रंग आनू का?” मामा म्हणाले. “लई टिकतो.”

त्याला वास येतो म्हणून तो बाद झाला. शेवटी केसांचा काळा कलप आणला. एकाच्या पाठीवर एक पट्टा, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याला काही नाही. दुसऱ्या दिवशी पडद्यावर दिसलं की सगळे पट्टेवाल्यांनाच हुंगतायत. कलपालाही वास होता. मग तिसऱ्याच्या शेपटीशी एक ठिपका दिला, म्हणजे वास तिघांना सारखा. तेव्हा कुठे नावं जागेवर राहिली.

“उंदराला कलप,” मामा स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, “आन् आमी असंच पांढरं.”

बाहेरच्या लोकांना हे काम समजावणं अवघड जातं. एकदा मामांचे एक ऊसवाले पाहुणे आले. दारातूनच त्यांनी विचारलं, “इथं उंदीर मारायचा पगार देत्यात?”

“न्हाई,” मामा म्हणाले. “बघायचा देत्यात.”

“बघायचा? मग आमच्या बांधावर या की. फुकाट बघा.”

आता मुख्य हकिकत.

प्राजक्ताचा प्रबंध एका वनस्पतीच्या अर्कावर होता. पाण्यातून तो रोज दिला तर नर उंदीर कमी भांडतात का, हा प्रश्न. मांडणीला दोन कप्पे: वर सहा पिंजरे, खाली सहा. औषधाचे पिंजरे तिने खाली ठेवले. कारण काळजीचं होतं. औषधाची बाटली वरून गळाली तर ते पाणी खालच्या साध्या पिंजऱ्यात जाईल. साधं पाणी गळालं तर बिघडत नाही. मला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या पडद्यावर पिंजऱ्यांना नुसती अक्षरं होती, तीही मिसळलेली. मोजणाऱ्याला औषध कोणाला हे कळू द्यायचं नसतं, नाहीतर त्याचा डोळा बाजू घेतो. यादी सरांच्या खणात होती.

आठ आठवड्यांनी यादी उघडली. औषधाच्या सहाही पिंजऱ्यांत झटापटी खूपच कमी होत्या. एखाददुसरा अपवादसुद्धा नव्हता. सरांनी आलेख दोनदा पाहिला आणि चष्मा काढला. प्राजक्ताने पेढे आणले. राहुरीजवळच्या एका कॉलेजात तिच्या विषयाची एक जागा भरायची होती. मुलाखतीआधी प्रबंध सादर झालेला हवा होता. मुदतवाढ तिने आधीच एकदा घेतली होती. आता सगळं जुळून आलं होतं.

“काका, तुमच्या प्रोग्रामला पण पेढा ठेवा,” ती म्हणाली. मी कीबोर्डवर एक ठेवला.

बातमीच्या टेबलावर एक सवय लागते. कोण, काय, कुठे हे सगळे विचारतात. ‘केव्हा’ हा प्रश्न राहून जातो. आलेखात आठ आठवड्यांची बेरीज होती. दिवस नव्हते. दुसऱ्या दिवशी मी ती बेरीज फोडून वारांत मांडली. खास काही संशय होता असं नाही.

सोमवारी वरचे आणि खालचे पिंजरे जवळजवळ सारखे होते. मंगळवारी सारखे. बुधवारी दुपारी वरच्या पिंजऱ्यांची रेघ एकदम उभी चढली होती. गुरुवारी तशीच उंच. शुक्रवारपासून उतरत पुन्हा खाली. आठही आठवडे हेच. खालच्या पिंजऱ्यांची रेघ मात्र सातही दिवस सपाट.

औषध रोज दिलं जात होतं. रोज घेतलेलं औषध फक्त बुधवारी आणि गुरुवारी गुण देत नाही. आणि बुधवारी सकाळी अकरा वाजता पिंजरे बदलले जातात.

छापायला निघालेल्या पानावर मथळ्यातली चूक दिसावी तसं झालं. खरं सांगायचं तर त्यात भीतीपेक्षा उत्साह जास्त होता. काहीतरी सापडलं होतं.

प्राजक्ताला आलेख दाखवला. तिने एकेका वारावरून बोट फिरवलं.

“काका, तुम्ही माझ्या बाजूचे आहात ना?”

“हो.”

“मग हे काय काढलंत?”

“हे बाहेरच्या परीक्षकाने काढलं असतं तर?”

“बाहेरच्याने वार मोजले नसते!” ती उठून बाहेर गेली. अर्ध्या तासाने परत आली ती डोळे धुऊन. म्हणाली, “बुधवारी उभं राहून बघू. काय होतं ते डोळ्यांनी बघू.”

बुधवारी आम्ही दोघं मांडणीशेजारी उभे राहिलो. भिंतीवर नियमांचा तक्ता आहे. त्यातला चौथा नियम: पिंजरा बदलताना जुना भुसा आणि जुनं घरटं काढून टाकावं, नवा भुसा आणि नवा कागद द्यावा. मामांनी बाराही पिंजऱ्यांना तसंच केलं. उंदीर एकेक करून उचलले, नव्या पिंजऱ्यात सोडले, घडी केलेला टिश्यू ठेवला, झाकण लावलं. वर खाली काही फरक नाही.

“झालं?” प्राजक्ता म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती. “सगळं सारखंच तर आहे.”

आम्ही पडद्यासमोर येऊन बसलो. साडेबारा वाजता वरच्या पिंजऱ्यांचे आकडे चढू लागले. तसे ते चढणारच होते. एकच्या सुमारास खालचा एक पिंजरा चढला. मग दुसरा. दीड वाजता खालच्या सहाही पिंजऱ्यांत झटापटी चालू होत्या. असं आधी एकदाही झालं नव्हतं. आकडे डोळ्यांदेखत बदलत होते आणि प्राजक्ताने माझी बाही घट्ट धरली होती.

“औषध तेच आहे,” ती म्हणाली. “बाटल्या मी स्वतः भरल्या. आज वेगळं काय झालं?”

आम्हा दोघांना उत्तर एकाच वेळी सुचलं. आज वेगळं एवढंच होतं की आम्ही उभे होतो.

मग आधीच्या आठ बुधवारी तिथे काय घडलं होतं? कॅमेरे तर चालूच होते. आणि इथे माझी चूक येते. ती मी इतरांच्या चुकांइतकीच सरळ लिहिणं बरं.

प्रोग्राम शिकवताना सुरुवातीला एक अडचण आली होती. मामांचा हात पिंजऱ्यासमोर आला की प्रोग्राम बोटांना उंदीर समजायचा. पाच बोटं म्हणजे पाच उंदीर, आणि त्यांची मोठी झटापट. म्हणून मी त्याला ‘हात’ ओळखायला शिकवलं आणि आज्ञा दिली: हात दिसला की तेव्हापासूनचा पुढचा एक तास गाळ. उंदीर बिचकलेले असतात, नोंद अशुद्ध होते. उपसंपादकाची कात्री. जागा वाचली, मजकूर स्वच्छ झाला, सगळे खूश. त्या गाळलेल्या तासाकडे आठ आठवडे कोणीही पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

गाळलेले तुकडे फेकलेले नव्हते, वेगळ्या फोल्डरमध्ये पडून होते. पहिल्या बुधवारचा वरच्या कप्प्यातला एक तुकडा लावला. हात येतो. पिंजरा जातो. नवा पिंजरा येतो. आत तीन उंदीर कोपऱ्यांत, मधे टिश्यूची चौकोनी घडी.

मग खालचा लावला. हात येतो. पिंजरा जातो. बराच वेळ जागा रिकामी. मग नवा पिंजरा हळू सरकत येतो. भुसा नवा, ताजा. आणि मागच्या कोपऱ्यात कागदाच्या बारीक चिंध्यांचं गोल घरटं, जसंच्या तसं. त्यातून एक नाक बाहेर आलं, त्याने हवा हुंगली आणि ते परत आत गेलं.

“अगं बाई,” प्राजक्ता म्हणाली.

एकेक करून आम्ही सगळे बुधवार पाहिले. वरच्या कप्प्यात घडी, खालच्या कप्प्यात घरटं. एकदाही चुकलं नव्हतं. तासाभरात वरचे उंदीरही कागद फाडून ढीग करत. प्रोग्राम नोंद घ्यायला परत येई तेव्हा बाराही पिंजरे वरवर सारखेच दिसत. शिवाय प्रोग्रामला मी उंदीर शिकवले होते. घरटं शिकवलं नव्हतं.

मामांना बोलावलं. त्यांनी पडदा पाहिला आणि उभ्या उभ्याच डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“व्हय. माझंच हाय त्ये,” ते म्हणाले. “नियम म्हाईत हाय मला. पन तीन जनावरं आठ दिस राबून त्ये बांधत्यात. एकेक चिंधी तोंडानं. मोडवत न्हाई, पेपरवाले.”

“मग वरच्यांचं का मोडता?” प्राजक्ताने विचारलं. आवाज चढलेला होता.

“वर हात पुरतो का माझा? खांदा उचलत न्हाई. खालचं पिंजरं स्टुलावर बसून मांडीवर घेतो, मग घरटं सगळं तळहातावर येतं. वर उभं ऱ्हाऊन एका हातानं काय जमनार? वरच्यांचं लई वाईट वाटायचं. पन जमत न्हाई.” मग थांबून म्हणाले, “सरांना सांगनार का तुमी? कंत्राटाचं कागद पुढल्या म्हयन्यात हाय.”

सांगितलं नाही तर प्राजक्ताचा प्रबंध वेळेत जात होता आणि मामांची नोकरी सुरक्षित होती. हरकत घेणारे फक्त बारा पिंजऱ्यांतले उंदीर होते. मी त्या क्षणी काय सल्ला दिला असता, ते मला आजही ठाऊक नाही. मला कोणी विचारलं नाही. प्राजक्ताने लॅपटॉप उचलला आणि म्हणाली, “मामा, टोपी घाला. चला माझ्याबरोबर. काका, तुम्ही पण.”

सरांसमोर तिने दोन तुकडे शेजारी शेजारी चालवले. एकही वाक्य वाया घालवलं नाही. “सर, माझं औषध भांडणं थांबवत नाही. मामा थांबवतात.”

सरांनी तुकडे पुन्हा लावायला सांगितले. तिसऱ्यांदा स्वतः लावले. मामांवर ते चिडतील असं मला वाटत होतं. ते चिडले प्राजक्तावर. “सगळं औषध एकाच कप्प्यात? पिंजऱ्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या, हे पहिल्या वर्षात शिकवतो आपण!” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि तुम्ही तो तास गाळलात.” मामांना फक्त एवढंच विचारलं, “किती वर्षं करताय हे?”

“आल्यापास्नं. पाच वर्सं झाली.”

सरांनी डोक्याला हात लावला. पाच वर्षांत त्या मांडणीवर इतरही प्रयोग झाले होते.

पुढचे पाच आठवडे माझ्या नोकरीतले सर्वांत उत्तम. औषध पूर्ण बंद केलं. चिठ्ठ्या टाकून सहा पिंजरे निवडले, काही वरचे, काही खालचे. त्या सहांत घरटं न्यायचं, उरलेल्या सहांत नाही. बाराही पिंजरे प्राजक्ता मामांच्या मांडीवर आणून द्यायची, म्हणजे खांद्याचा प्रश्न उरणार नव्हता. मी ते पाहायचं नव्हतं. बुधवारी सकाळी मी बाहेर व्हरांड्यात बसायचो. पाचव्या आठवड्यानंतर सरांच्या खोलीत चिठ्ठ्या उघडल्या. मी एकेक अक्षर आणि तो पिंजरा शांत की भांडखोर ते वाचत होतो, प्राजक्ता ‘घरटं’ किंवा ‘घडी’ म्हणत होती. शांत पिंजरा, घरटं. शांत, घरटं. भांडखोर, घडी. नववं अक्षर वाचेपर्यंत तिचा आवाज चढला होता आणि सर खुर्चीतून उठले होते. बाराही बरोबर निघाले. मामा दाराशी उभे होते. म्हणाले, “ह्यात काय नवल? कोनाचं बी घर मोडलं तर भांडणंच व्हनार.”

त्यांचं वाक्य मी नोंदवलं नाही. उंदरांनी तसं सांगितलेलं नाही. पण खोडलंही नाही.

मग औषधाची चाचणी पुन्हा केली, या वेळी जागा चिठ्ठ्यांनी ठरवून आणि घरटं सगळ्यांना देऊन. फरक सापडला नाही. प्रबंधातलं औषधाचं प्रकरण आखूड झालं, घरट्याचं नवं प्रकरण आलं, आणि सादर करायला सात महिने जास्त लागले. राहुरीकडची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. प्राजक्ता सध्या इथेच तात्पुरती शिकवते. पहिल्या वर्षाच्या पोरांना ती चिठ्ठ्यांचा धडा फार कडक शिकवते.

खंत माझ्याकडेही आहे. आधीच्या पाच वर्षांच्या गाळलेल्या तासांपैकी बरेच आता उरलेले नाहीत. जागा हवी म्हणून मीच पुसले होते. त्या प्रयोगांतली किती शांतता औषधाची होती आणि किती मामांची, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. दुसरी गोष्ट, प्रयोग संपल्यावर उंदरांचं काय होतं, ती नोंद माझ्याकडे नसते. ती मामांच्या वहीत असते, आणि ती वही मी कधी मागितलेली नाही.

मामांचं कंत्राट पुढे चालू राहिलं. भिंतीवरचा तक्ता बदलला. चौथा नियम आता असा आहे: ‘पिंजरा बदलताना भुसा नवा द्यावा. जुनं घरटं न मोडता तसंच नव्या पिंजऱ्यात ठेवावं.’ भाषा माझी. मामांनी तो मला मोठ्याने वाचायला लावला.

“पाच वर्सं चोरून केलं,” ते म्हणाले, “त्ये आता भितीवर लागलं.”

प्रोग्रामही पुन्हा शिकवला. ‘हात’ आता गाळायच्या यादीत नाही. त्याच्या दोन नोंदी आहेत: घरट्यासह आणि घरट्याशिवाय. त्या शिकवायला मला मामांच्या हाताचे शेकडो तुकडे पाहावे लागले. काळी नखं, वाकडी करंगळी, आणि तळहातावर गोल पांढरं घरटं.

गेल्या बुधवारी ते स्टुलावर बसले होते. वरचे पिंजरे आता त्यांना खाली काढून दिले जातात. पहिला पिंजरा जागेवर सरकवताना त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं.

“पेपरवाले, माझा हात वळखतो का त्यो?”

“ओळखतो. आधी काढून टाकायचा.”

“आन् आता?”

“आता ठेवतो.”

मामांनी मान हलवली आणि दुसरा पिंजरा मांडीवर घेतला.